विजयाचे दिव्य : ‘चक दे! इंडिया’ आणि निर्दोषत्वाचा प्रश्न

दुर्बळ आणि उपेक्षित संघ, त्याच्या वाट्याला आलेला कलंकित प्रशिक्षक, प्रारंभीची बेदिली, कष्टाने साधलेले ऐक्य आणि अखेरीस बलाढ्य प्रतिस्पर्ध्यावर मिळवलेला निसटता विजय हा क्रीडापटांचा आकृतिबंध आता इतका रुळला आहे, की समीक्षेने त्याच्याकडे गांभीर्याने पाहण्याचे जवळजवळ सोडून दिले आहे. शेवट ठाऊक असलेल्या कथेत विचारण्याजोगा प्रश्न उरत नाही, असा समज त्यामागे असावा. वस्तुतः कीर्तनाला बसलेल्या श्रोत्यालाही आख्यानाचा शेवट ठाऊकच असतो. पाहावयाचे असते ते हे, की त्या शेवटाकडून कोणते काम करवून घेतले जात आहे. शिमित अमीन यांनी दिग्दर्शित केलेला आणि जयदीप साहनी यांनी लिहिलेला ‘चक दे! इंडिया’ (२००७) हा चित्रपट ह्या दृष्टीने पाहिला, तर त्यातील अखेरच्या विजयावर एक विलक्षण अवघड कामगिरी सोपवलेली दिसते. तो विजय एका माणसाचे निर्दोषत्व सिद्ध करतो. विजयाने निर्दोषत्व सिद्ध होऊ शकते काय, आणि होत असल्यास ते सिद्ध करण्याचा भार निर्दोष माणसावरच टाकणाऱ्या व्यवस्थेला नैतिक म्हणता येईल काय, हे प्रश्न चित्रपट उघडपणे विचारत नाही. त्याच्या संरचनेत मात्र ते पहिल्या प्रसंगापासून दडलेले आहेत.

विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारत पाकिस्तानविरुद्ध एका गोलने पिछाडीवर आहे. कर्णधार कबीर खान पेनल्टी स्ट्रोक घेतो आणि त्याचा फटका चुकतो. पराभवानंतर तो पाकिस्तानी कर्णधाराशी हस्तांदोलन करतो, त्या क्षणाचे छायाचित्र सर्वत्र झळकते, आणि चुकलेला फटका हा चुकवलेला फटका ठरतो. कबीरला आपल्या आईसह राहते घर सोडावे लागते. सात वर्षांनी तो कोणालाच नको असलेल्या भारतीय महिला हॉकी संघाचा प्रशिक्षक म्हणून परततो. देशाच्या निरनिराळ्या राज्यांतून आलेल्या सोळा मुली त्याच्या हाताखाली हळूहळू एक संघ बनतात, ऑस्ट्रेलियाला अंतिम सामन्यात हरवून विश्वचषक जिंकतात, आणि कबीर आईला घेऊन आपल्या वडिलोपार्जित घरी परत येतो.

ह्या कथानकातील हस्तांदोलनाकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. सामना संपल्यावर प्रतिस्पर्ध्याचा हात हातात घेणे हा खेळाच्या अंगभूत शिष्टाचाराचा भाग आहे. पराभूताने तो पाळला, तर त्याला एरवी खिलाडूवृत्ती म्हणतात. कबीरच्या बाबतीत हीच कृती द्रोहाचा पुरावा म्हणून वाचली जाते. कृती तीच राहते आणि कर्त्याच्या नावानुसार तिचा अर्थ पालटतो. चिन्हाचा अर्थ त्याच्या संदर्भव्यूहात निश्चित होतो हे चिन्हमीमांसेने सांगितलेच आहे, परंतु येथे संदर्भव्यूह आधीच एका निष्कर्षावर येऊन थांबलेला आहे आणि तो केवळ चिन्हाची वाट पाहत आहे. छायाचित्र नसते, तर दुसरे काही सापडले असते.

चित्रपटाशी जोडली जाणारी वास्तव घटना येथे स्मरणीय ठरते. १९८२ च्या दिल्ली येथील आशियाई क्रीडास्पर्धेत हॉकीच्या अंतिम सामन्यात भारताचा पाकिस्तानकडून ७-१ असा पराभव झाला आणि गोलरक्षक मीररंजन नेगी यांच्यावर सामना विकल्याचा आरोप झाला. तो कधीच सिद्ध झाला नाही, पण त्याने त्यांची कारकीर्द संपवली. पुढे १९९८ च्या बँकॉक येथील आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या पुरुष संघाच्या आणि २००२ च्या मँचेस्टर येथील राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या महिला संघाच्या प्रशिक्षणात नेगींचा सहभाग होता. चित्रपटातील अभिनेत्रींना हॉकी शिकवण्याचे कामही त्यांनीच केले. ह्या घटनेशी ताडून पाहता चित्रपटात दोन फेरफार दिसतात. गोलरक्षकाचा आघाडीचा खेळाडू झाला आणि त्याला कबीर खान हे नाव मिळाले.

दुसऱ्या फेरफाराने प्रश्नाचे स्वरूपच बदलले. लाच घेतल्याचा आरोप हा कृतीविषयीचा आरोप असतो. तो कितीही अन्याय्य असला, तरी तत्त्वतः त्याचे निराकरण शक्य असते. कोणी पैसे दिले, केव्हा दिले, कोणाच्या साक्षीने दिले, असे प्रश्न विचारता येतात आणि उत्तरे न मिळाल्यास आरोप कोसळतो. कबीरवरील आरोप वरकरणी एका फटक्याविषयीचा आहे, पण त्याचा रोख कबीर काय करतो याकडे नसून तो कोण आहे याकडे आहे. अस्तित्वाविषयीच्या आरोपाला प्रतिपुरावा नसतो. आपण अमुक केले नाही हे माणूस दाखवू शकतो, आपण अमुक नाही आहोत हे तो कशाच्या आधारे दाखवणार? ज्या आरोपाला पुराव्याची गरज नव्हती, त्याचे खंडन पुराव्याने होत नाही. मग उरतो तो एकच मार्ग, आणि आपल्या परंपरेत त्याला एक जुने नाव आहे.

ते नाव ‘दिव्य’. मराठेशाहीतील न्यायपद्धतीत साक्षीपुराव्याने वाद मिटेनासा झाला, की गोतसभेसमोर रवादिव्य करण्याची प्रथा होती. उकळत्या तेला-तुपातून धातूचा रवा हाताने बाहेर काढावयाचा, मग हात पिशवीत बांधून तिच्यावर मोहोर करावयाची आणि ठरल्या दिवशी ती उघडून पाहावयाची. हाताला इजा नसेल तर माणूस खरा, असेल तर खोटा. दिव्याचे तर्कशास्त्र मोठे चमत्कारिक आहे. त्यात घडलेल्या घटनेविषयी काहीच तपासले जात नाही. जमीन कोणाची हा प्रश्न बाजूला राहतो आणि हात भाजला की नाही ह्या सर्वस्वी वेगळ्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या जागी ठेवले जाते. शिवाय जो दिव्यास उभा राहतो, तो दिव्य करावयास लावणाऱ्यांचा अधिकार त्याच क्षणी मान्य करतो. रवा काढताना हात वाचला, तरी आपल्याला हात घालावयास लावणे न्याय्य होते काय, हे त्याला नंतर विचारता येत नाही. त्याचे यशच त्या प्रश्नाचे तोंड बंद करते.

विश्वचषकाचा अंतिम सामना हे कबीरचे दिव्य आहे. सात वर्षांपूर्वी त्याने फटका मुद्दाम चुकवला होता काय, ह्याच्याशी मुलींच्या संघाने मेलबर्नमध्ये जिंकण्याचा अर्थाअर्थी काहीही संबंध नाही. सामना विकणारा माणूस पुढे उत्तम प्रशिक्षक होऊ शकतो आणि निष्कलंक माणसाचा संघ साखळीतच गारद होऊ शकतो. तरीही प्रेक्षकाला हा संबंध इतका स्वाभाविक वाटतो, की तो जोडला गेल्याचे भानही त्याला राहत नाही. दिव्याच्या मानसिकतेची पकड किती खोलवर आहे, हे ह्यावरून समजावे. सामना पेनल्टी स्ट्रोकवर येऊन ठेपतो आणि शेवटचा फटका गोलरक्षक विद्या शर्मा अडवते, ही योजना येथे सूचक आहे. नायक आघाडीचा खेळाडू केला गेला, पण ज्याच्यावर खरोखर डाग लागला होता तो गोलरक्षक अशा रीतीने कथेच्या अखेरीस परत येतो आणि चेंडू अडवतो. ६.४० मीटरवरून निघालेला तो चेंडू हातभर बाजूने गेला असता तर? तर कबीर खान पुन्हा गद्दार ठरला असता, किंवा निदान निर्दोष ठरला नसता. त्याच्या चारित्र्यात मात्र तिळमात्र फरक पडला नसता.

नैतिक मूल्यमापनात दैवाला स्थान असावे की नसावे, हा प्रश्न बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी १९७६ मध्ये नव्याने उपस्थित केला. सद्हेतू दैवदुर्विलासामुळे पूर्णतः निष्फळ ठरला, तरी त्याचे मूल्य स्वतःच्या तेजाने प्रकाशत राहते, ही कांटची भूमिका त्यांच्या टीकेचे लक्ष्य होती. प्रत्यक्ष व्यवहारात माणसाचा न्याय त्याच्या हाती नसलेल्या परिणामांवरूनही केला जातो आणि तसे करणे सर्वथा टाळता येत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. गीतेतील फलनिरपेक्ष कर्माचा विचार ऐकत वाढलेल्या समाजाला ह्या वादात कांटची बाजू जवळची वाटावी अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात हॉकीच्या मैदानाभोवती जमलेला समाज फलाखेरीज कशालाच ओळखत नाही. तत्त्वज्ञान निष्काम कर्माचे आणि न्यायदान दिव्याचे, हा आपला जुनाच संसार आहे.

ह्यावर एक आक्षेप घेता येईल आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. जिंकण्याचा प्रयत्न हा खेळाच्या संकल्पनेचाच घटक आहे, जो जिंकण्यासाठी खेळत नाही तो खेळतच नाही, मग क्रीडापटात विजयाला केंद्रस्थान मिळाले ह्यात आगंतुक असे काय आहे? अ‍ॅलस्डेअर मॅकिंटायर यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात मांडलेला भेद येथे उपयोगी पडतो. प्रत्येक व्यवसायाला काही आंतरिक श्रेये असतात. ती त्या व्यवसायात उतरल्याखेरीज मिळत नाहीत आणि बाहेरून ओळखताही येत नाहीत. कीर्ती, पैसा, अधिकार ही बाह्य श्रेये असून ती अन्य मार्गांनीही मिळू शकतात. हॉकीतील विजय हा हॉकीचा आंतरिक हेतू आहे हे मान्यच करावे लागेल. परंतु देशद्रोहाच्या आरोपातून मुक्तता हे हॉकीचे आंतरिक श्रेय असू शकत नाही. चित्रपटाचा घोळ असा, की तो आंतरिक श्रेयाचे चलन बाह्य बाजारात वटवून दाखवतो आणि ते वटले म्हणून आनंद मानतो.

मात्र ‘चक दे! इंडिया’ केवळ इतकाच असता, तर त्याचा विचार येथे थांबवता आला असता. ह्या चित्रपटात आणखी एक नीती आहे. तिचे स्थान कथेच्या मध्यभागी असून ती अखेरच्या नीतीशी सरळसरळ विसंगत आहे. हॉकी संघटनेचे पदाधिकारी महिला संघाला विश्वचषकाला पाठवण्यास नकार देतात, तेव्हा कबीर पुरुष संघाशी सामना खेळण्याचे आव्हान देतो. मुली तो सामना ३-२ असा हरतात. आणि तरीही पुरुष संघातील खेळाडू आपल्या स्टिक उंचावून त्यांना मानवंदना देतात, पदाधिकाऱ्यांना आपला निर्णय फिरवावा लागतो. संपूर्ण चित्रपटात ह्याहून अर्थपूर्ण प्रसंग नाही. येथे पराभव पराभवच राहतो, गुणफलक बदलत नाही, पराभवाला नैतिक विजय वगैरे म्हणण्याचा मोहही कोणाला होत नाही. फक्त ज्यांना खेळ कळतो, त्यांना समोरच्या खेळातील गुणवत्ता दिसते. मुलींना ओळख मिळते ती खेळाडूंकडून, म्हणजेच आंतरिक श्रेये ओळखण्याची पात्रता असलेल्या समुदायाकडून. गोतसभेपुढील पिशवी उघडण्याची येथे गरजच पडत नाही. एकमेकींना चेंडू देण्यास तयार नसलेल्या कोमल आणि प्रीती ह्या दोघींमध्ये अंतिम सामन्यात होणारी चेंडूची देवघेवही ह्याच नीतीतील आहे. त्या क्षणी गोल झाला नसता, तरी तिचे मूल्य कमी झाले नसते.

म्हणजे पराभवातही योग्यता दिसू शकते हे चित्रपटाला ठाऊक आहे. मग जे मुलींच्या बाबतीत शक्य झाले ते कबीरच्या बाबतीत का होत नाही? ह्याचे उत्तर ओळखणाऱ्यांत आहे. मुलींना खेळाडूंनी ओळखावयाचे होते, कबीरला मोहल्ल्याने. कबीरचा न्याय करणाऱ्या जमावाला हॉकी कळत नाही आणि कळून घेण्याची त्याला आवश्यकताही वाटत नाही. त्याला समजते ती फक्त गुणफलकाची भाषा, म्हणून त्याच्याशी त्याच भाषेत बोलावे लागते. इतपत वास्तव चित्रपटाने प्रामाणिकपणे दाखवले असे म्हणता येईल. पण दाखवणे आणि मान्य करणे ह्यांत अंतर असते, आणि अखेरच्या अर्ध्या तासात ते अंतर नाहीसे होते. कबीर घरी परततो तेव्हा कॅमेरा त्याच्या समाधानाबरोबर राहतो. ज्यांनी त्याला घालवले होते, त्यांच्याकडून काय येणे बाकी आहे, ह्याची मोजदाद तो करीत नाही.

येथे प्रेक्षकाच्या स्थानाचा विचार अपरिहार्य ठरतो. कबीर निर्दोष आहे हे प्रेक्षकाला पहिल्यापासून माहीत असते. ह्याचा कोणताही पुरावा संहितेत दिलेला नाही, तो नायक आहे आणि त्याची भूमिका शाहरुख खान करीत आहे एवढे पुरेसे असते. त्यामुळे दिव्य चालू असताना प्रेक्षक अन्यायग्रस्ताच्या बाजूला सुखरूप बसलेला असतो. संस्कृत काव्यशास्त्रातील साधारणीकरणाची संकल्पना सांगते, की रसास्वादात भाव व्यक्तिविशेषापासून सुटून सर्वांचा होतो. प्रस्तुत चित्रपटात अन्याय सोसणाऱ्याचा भाव तर सर्वांचा होतो, पण अन्याय करणाऱ्याचा भाव कोणाचाच होत नाही. भिंतीवर ‘गद्दार’ लिहिणारा हात कोणाचा, हे चित्रपटगृहातील कोणालाही स्वतःला विचारावे लागत नाही, आणि अखेरच्या विजयाला टाळ्या वाजवणारे हात तेच असू शकतात ही शक्यता तादात्म्याच्या सुखात विरून जाते. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी ट्वेंटी-२० विश्वचषकात भारत पाकिस्तानकडून दहा गडी राखून हरला, तेव्हा मोहम्मद शमी ह्या गोलंदाजावर समाजमाध्यमांतून त्याच्या धर्मावरून अपशब्दांचा वर्षाव झाला. कर्णधार विराट कोहलीने त्याची जाहीरपणे पाठराखण केली. त्या दिवशी अपशब्द लिहिणाऱ्यांपैकी कित्येकांनी ‘चक दे! इंडिया’ पाहिला असेल आणि डोळे पुसले असतील, असे समजण्यास काहीच प्रत्यवाय नाही.

मुलींच्या बाजूनेही एक हिशेब करावयाचा राहतो. एका पुरुषाच्या पुनर्वसनासाठी सोळा मुलींनी खेळावे ह्यातील विपर्यासावर स्त्रीवादी दृष्टीने बोट ठेवणे अवघड नाही. त्यापेक्षा अधिक बोलकी बाब मेरी आणि मॉली ह्या ईशान्येकडील दोन खेळाडूंची आहे. शिबिरात दाखल होतानाच त्यांना पाहुण्यांसारखे वागवले जाते. रस्त्यावरची टवाळखोरी तर नित्याचीच. कबीरप्रमाणे त्यांच्यावरील आरोपही अस्तित्वाविषयीचा आहे. मॅकडॉनल्ड्समधील मारामारीत संघ प्रथमच एकत्र येतो तो त्यांच्यावरील शेरेबाजीच्या निमित्ताने, आणि तेथे उत्तर दिले जाते ते कोणताही सामना जिंकण्याच्या आधी. ह्या प्रसंगातील हिंसेचे समर्थन करावे की नाही हा मुद्दा अलाहिदा. तिच्यात दिव्य नाकारलेले आहे, एवढे मात्र खरे. आता वास्तवाकडे पाहावे. साहनींना ह्या कथेची प्रेरणा २००२ च्या ज्या सुवर्णपदकातून मिळाली, ते जिंकणाऱ्या संघाची कर्णधार सूरजलता देवी ही मणिपूरची होती. वास्तवात जी कर्णधार झाली होती, ती चित्रपटात पाहुणी झाली. राष्ट्रीय ऐक्याच्या कथेला कोणते ऐक्य पेलते आणि कोणते पेलत नाही, हे ह्या एका बदलावरून कळते.

दिव्याने संशय संपतो, हा दिव्यामागील मूळ विश्वास. आपल्या महाकाव्याला तो कधीच पुरतेपणी पटलेला नाही. युद्धकांडातील अग्निपरीक्षेनंतरही उत्तरकांडात लोकापवाद उठतोच आणि सीता पुन्हा शुद्धीची मागणी झाल्यावर धरणीच्या पोटात जाते. भवभूतीने ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्याच अंकात ह्या संशयाचे कारण मोठ्या मार्मिकतेने दिले आहे. ती शुद्धी घडली खरी, पण इतक्या दूर घडलेल्या गोष्टीवर लोकांनी विश्वास ठेवावा तरी कसा? लोकापवादाला पुरावा कमी पडत नसतो, त्याला पुराव्याचे ठिकाण पसंत नसते. लंका दूर होती, मेलबर्नही दूरच आहे. पुढचा सामना हरला, की कबीरच्या घराच्या भिंतीवर पुन्हा काय लिहिले जाईल, हे भवभूतीला विचारले असते तर त्याला सांगता आले असते. चित्रपट मात्र पुढचा सामना होण्यापूर्वीच संपतो. शोकात्मिका आणि प्रेरणादायी कथा ह्यांतील भेद कित्येकदा केवळ एवढाच असतो, की पडदा केव्हा पाडला.

वास्तवात पडदा पडत नाही. करोनामुळे वर्षभर लांबलेल्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये २ ऑगस्ट २०२१ रोजी भारतीय महिला संघाने उपउपान्त्य सामन्यात ऑस्ट्रेलियाला १-० असे हरवले आणि देशभर ‘चक दे! इंडिया’चे स्मरण झाले. प्रशिक्षक श्योर्ड मरीन यांची तुलना कबीर खानशी होऊ लागली. दोनच दिवसांनी, ४ ऑगस्टला, संघ अर्जेंटिनाकडून उपान्त्य सामना २-१ असा हरला. त्यानंतर वंदना कटारिया ह्या दलित समाजातील खेळाडूच्या हरिद्वारजवळील रोशनाबाद येथील घरासमोर काही जणांनी फटाके फोडून आणि जातिवाचक अपशब्द उच्चारून त्या पराभवाचा आनंद साजरा केल्याची तक्रार तिच्या कुटुंबीयांनी पोलिसांत दिली. ह्याच वंदनाने ३१ जुलैला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले होते. ऑलिंपिकमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारी ती पहिली भारतीय महिला होती. ते तीन गोल पाच दिवसही पुरले नाहीत.

६ ऑगस्टला ब्रिटनविरुद्ध कांस्यपदकाचा सामना झाला. संघात वंदना होती. दोन गोलांनी मागे पडलेल्या भारताने गुरजित कौरच्या दोन गोलांमुळे बरोबरी साधली आणि वंदनाने तिसरा गोल करून आघाडी मिळवून दिली. भारत तो सामना ४-३ असा हरला.